राहुल या नावाचा वारसा

स्मरणिकेच्या निमित्ताने शाळेची जुनी जनरल रजिस्टरे कपाटातून बाहेर काढण्यात आली. हेतू माजी विद्यार्थ्यांची यादी करण्याचा होता. परंतु पाने उलटता उलटता आमचे लक्ष नावांवरच खिळले. आरंभीच्या पानांवर विद्यार्थ्याचे नाव सिद्धार्थ, गौतम, मिलिंद किंवा आनंद असे आहे आणि त्याच ओळीत वडिलांचे नाव कचरू, दगडू, भिका असे आहे. पुढे एक काळ असा येतो की पानापानावर राहुल भेटतो. एकाच वर्गात इतके राहुल असत, की वसतिगृहात त्यांना गावाच्या नावाने, उंचीवरून, नाहीतर खाटेच्या क्रमांकाने हाक मारावी लागे. माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येकांना आपला ‘लांब्या राहुल’ आणि ‘कोपऱ्यातला राहुल’ अजून आठवत असेल. अलीकडच्या पानांवर मात्र हे नाव शोधावे लागते.

नावे येतात आणि जातात, त्यात विशेष ते काय, असे कोणी म्हणेल. आम्हांला त्यात विशेष वाटते. कारण प्रवेशाच्या वेळी किंवा नामकरण विधीच्या आधी पालक जे विचारतात, त्यातून या नावाविषयीचे दोन समज वारंवार पुढे येतात. पहिला असा, की राहुल म्हणजे बंधन, तेव्हा ते नाव अशुभ. दुसरा सहसा उघड बोलला जात नाही. तो असा, की मुलाच्या नावावरून ‘आपण कोण’ हे कळू नये. या दोन्ही समजांविषयी आमचे मत स्पष्टपणे मांडावे, एवढ्यासाठी हा लेख.

प्रथम अर्थाविषयी. पाली परंपरेत, जातकाच्या निदानकथेत, पुत्रजन्माची वार्ता ऐकून सिद्धार्थाच्या तोंडून ‘राहू’ आणि ‘बंधन’ हे शब्द निघाले व त्यावरूनच शुद्धोदनाने नातवाचे नाव राहुल ठेवले, अशी कथा आहे. राहू म्हणजे ग्रासणारा, पकडून ठेवणारा. दुसऱ्या एका बौद्ध परंपरेत मुलाचा जन्म चंद्रग्रहणाच्या वेळी झाला म्हणून हे नाव पडले, असे सांगितले आहे. म्हणजे बौद्ध परंपरांतही या नावाच्या उगमाविषयी एकमत नाही. बाजारात मिळणाऱ्या नावांच्या पुस्तकांत राहुलचे जे ‘दुःखांवर विजय मिळवणारा’, ‘कार्यकुशल’ असे गोड अर्थ छापलेले असतात, त्यांना मात्र कोणताच आधार नाही. गोड अर्थासाठी खोटा आधार घेण्याची आपल्याला गरजही नाही.

बाबासाहेबांनी ही कथा कशी हाताळली, हे येथे पाहण्यासारखे आहे. केळुसकर गुरुजींनी भेट दिलेले बुद्धचरित्र त्यांनी शालेय वयात वाचले होते. त्यामुळे परंपरेतली कथा त्यांना ठाऊक होतीच. तरीही 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बंधनाचा उद्गार नाही. दीर्घ वैवाहिक जीवनानंतर यशोधरेला पुत्र झाला आणि त्याचे नाव राहुल ठेवले, इतकेच तेथे आहे. सिद्धार्थाचा गृहत्यागही मध्यरात्री झोपलेल्या पत्नीला आणि बाळाला टाकून नाही, तर रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात उद्भवलेल्या संघर्षातून, घरच्यांना सांगून घडतो. यशोधरा त्याला संमती देते आणि म्हणते की मीही परिव्राजिका झाले असते, पण मला राहुलला सांभाळायचे आहे. या मांडणीत राहुल हा कोणाच्या मार्गातला अडथळा नसून आईने जाणीवपूर्वक स्वीकारलेली जबाबदारी आहे. ज्या समाजाने बाबासाहेबांच्या हातून धम्म घेतला, त्याने राहुलचा अर्थही त्यांच्याच ग्रंथातून घ्यावा, असे आम्हांला वाटते.

आणखी एका गोष्टीकडे फारसे लक्ष जात नाही. पाली साहित्यात यशोधरेचा उल्लेख बहुतेक ठिकाणी ‘राहुलमाता’ असा येतो. आपल्या वस्त्यांमध्ये, चाळींमध्ये बाईला तिच्या नावाने कोण हाक मारतो? ती ‘राहुलची आई’ असते. रेशन दुकानाच्या रांगेत, अंगणवाडीत, महिला मंडळाच्या बैठकीत ती याच नावाने ओळखली जाते. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कपिलवस्तूतील स्त्रीला आणि मराठवाड्यातील एखाद्या मजूर बाईला एकाच पद्धतीने हाक मारली जावी, हा योगायोग आम्हांला मोठा हृद्य वाटतो. त्यात स्त्रीचे स्वतःचे नाव पुसले जाते हेही खरे, आणि ते चांगले नाही. म्हणून आमच्या शाळेच्या पालकसभेत आम्ही मातांना त्यांच्याच नावाने बोलावतो.

परंतु नावाला खरा अर्थ देतो तो ते धारण करणारा माणूस. राहुल कोण होता? विनयपिटकातील कथेप्रमाणे तथागत कपिलवस्तूस आले असता आईच्या सांगण्यावरून हा मुलगा त्यांच्यामागे गेला आणि त्याने आपला वारसा मागितला. तथागतांनी सारिपुत्ताला सांगून त्याला श्रामणेर दीक्षा दिली. आजोबा शुद्धोदन व्याकूळ झाले आणि त्यांच्या विनंतीवरून तेव्हापासून नियम झाला, की आईवडिलांच्या संमतीवाचून कोणत्याही मुलाला दीक्षा देऊ नये. आमच्या प्रवेश अर्जावर शेवटी पालकांच्या सहीची जागा असते. तेथे सही करताना किती पालकांना ठाऊक असते, की अशा संमतीचा नियम एका राहुलमुळे झाला?

पुढे तो विद्यार्थी म्हणून कसा होता, याची साक्ष तर अनेक ठिकाणी आहे. शिक्षणाची आस असणाऱ्या भिक्खूंमध्ये अग्रगण्य म्हणून तथागतांनी राहुलचा गौरव केला. अट्ठकथेत असे आहे की तो रोज पहाटे मूठभर वाळू उधळून म्हणे, या कणांइतके उपदेश आज मला मिळोत. आणि मज्झिम निकायातील अंबलट्ठिका-राहुलोवाद सुत्त तर प्रत्येक शिक्षकाने वाचावे असे आहे. राहुलने पाय धुण्यासाठी पाणी आणून ठेवलेले असते. तथागत भांड्यात थोडे पाणी शिल्लक ठेवतात, ते दाखवतात, मग ओतून देतात, भांडे पालथे घालतात, पुन्हा सुलटे करतात. आणि जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे श्रमणपण असेच थोडे, असेच सांडलेले, असेच रिकामे असते, हे त्या मुलाला समजावून देतात. त्यानंतर आरशाचे उदाहरण येते : आरसा पाहण्यासाठी असतो, तसे प्रत्येक कृत्य करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर पाहून घ्यावे. छडी नाही, धाक नाही. हाताशी असलेल्या भांड्यातून दिलेला हा धडा आहे.

याच उपदेशाचा उल्लेख सम्राट अशोकाने दगडावर कोरून ठेवला. राजस्थानातील बैराट येथे मिळालेल्या शिलालेखात अशोकाने भिक्खू, भिक्खुणी, उपासक आणि उपासिका यांनी वारंवार ऐकावेत असे सात धम्मपाठ सांगितले आहेत. त्यांत सातवा, खोटे बोलण्याविषयी राहुलला केलेला उपदेश. मागधी बोलीत ‘र’चा ‘ल’ होतो, म्हणून तेथे नाव राहुल नाही, लाघुल असे आहे. हा शिलालेख आज कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत आहे. पुढे पाचव्या शतकाच्या आरंभी आलेल्या फाहियान या चिनी यात्रेकरूने नोंदवून ठेवले आहे, की भारतातील विहारांमध्ये श्रामणेर विशेषकरून राहुलची पूजा करीत. लहान वयात घर सोडून शिकायला आलेल्या मुलांनी आपला आदर्श म्हणून आपल्यासारखाच एक मुलगा निवडला होता.

निवासी शाळेच्या वाचकांसाठी विनयपिटकातील आणखी एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. उपसंपदा न झालेल्याने भिक्खूंसोबत एका छपराखाली झोपू नये, असा नियम झाला होता. कोसंबीला राहुल आला तेव्हा भिक्खूंनी त्याला सांगितले, बाबा रे, झोपण्याची जागा तू तुझी पाहा. जागा मिळाली नाही. बुद्धाचा मुलगा ती रात्र शौचकूपात बसून काढतो. पहाटे तथागत तेथे जातात, खोकतात. आतून खोकल्याचाच प्रतिसाद येतो. कोण आहे? मी राहुल, भगवान. त्याने तक्रार केली नव्हती, बापाचे नाव सांगून खोली मागितली नव्हती. त्यानंतर नियम बदलला आणि अशांना दोन-तीन रात्री भिक्खूंसोबत राहण्याची मुभा मिळाली. पुण्यात किंवा मुंबईत नोकरी लागल्यावर भाड्याची खोली शोधत फिरलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना या कथेतील राहुल परका वाटणार नाही.

आता आपल्या घरांकडे वळू. आपल्या आजोबा-पणजोबांना जी नावे होती, ती त्यांनी निवडलेली नव्हती असे म्हणणे पुरेसे नाही. त्यांनी कशी नावे धारण करावीत हेही लिहून ठेवलेले होते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे निंदावाचक असावे, असे विधान आहे. ज्यांना त्या चौकटीच्याही बाहेर ठेवले, त्यांच्याविषयी वेगळे सांगायला नको. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला हा ग्रंथ जाळला गेला, त्यामागच्या अनेक कारणांत हेही एक कारण होते असे आम्ही मानतो.

येथे थोडे सावधपणे बोलले पाहिजे. धोंडू, दगडू, भिका, केरू ही नावे केवळ आपल्याच समाजात होती असे नाही. मूल जगावे, त्याला दृष्ट लागू नये, म्हणून सर्वच जातींत अशी नावे ठेवीत. महर्षी कर्व्यांचे नाव धोंडो केशव होते, हे सर्वांना ठाऊक आहे. मग फरक कोठे होता? फरक हाकेत होता. एका आळीतला धोंडो मोठा झाल्यावर धोंडोपंत होई. गावकुसाबाहेरचा धोंडू म्हातारा झाला तरी धोंड्याच राही. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर कोरलेल्या ज्या नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे, ती शूरांची नावे आहेत. पण गावाच्या तोंडी त्यांच्या वंशजांची काय गत होती, हे जुन्या माणसांनी सांगितलेले आपण ऐकले आहे.

14 ऑक्टोबर 1956 नंतर हे बदलले. बाबासाहेबांनी संस्थांना दिलेली नावे समाजासमोर होतीच : मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय, औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय आणि नागसेनवन. जी नावे कॉलेजच्या दारावर होती, ती घराघरांतल्या पाळण्यांवर आली. सिद्धार्थ, गौतम, आनंद, राहुल, नागसेन, यशोधरा, सुजाता, विशाखा, संघमित्रा. ज्या बापाला स्वतःच्या नावाची ‘या’कारान्त हाक ऐकत जन्म काढावा लागला, त्याने मुलाला राजपुत्राचे नाव दिले, आणि त्यासाठी कोणत्याही भटजीला विचारले नाही. भंते किंवा बौद्धाचार्य आले, त्रिसरण-पंचशील झाले आणि नाव ठेवले गेले. त्या पिढीने पैसा मागे ठेवला नसेल, जमीन तर नव्हतीच; पण मुलाचे नाव स्वतः ठरवण्याचा अधिकार तिने मिळवून ठेवला.

सिद्धार्थ आणि राहुल यांच्या पुढच्या प्रवासात मात्र एक भेद आहे. गौतम हे एका वैदिक ऋषीचेही नाव आहे. मिलिंद म्हणजे संस्कृतात भुंगा. त्यामुळे इतर समाजांतही ते नाव त्या अर्थाने चालले, आपण ते नागसेनाला प्रश्न विचारणाऱ्या ग्रीक राजावरून घेतले. आनंद तर सर्वांचाच. राहुलला असा दुसरा उगम नाही. हे नाव जेथे कोठे गेले, ते बुद्धाच्या मुलावरूनच गेले. सिंहली आणि इतर देशांच्या भिक्खुसंघांत ते टिकून होते. भारतात गृहस्थाच्या घरी ते दुर्मीळ झाले होते. आधुनिक काळात केदारनाथ पांडे या विद्वानाने 1930 साली श्रीलंकेत प्रव्रज्या घेऊन राहुल सांकृत्यायन हे नाव धारण केले, तेव्हा हिंदी वाचकांना ते पुन्हा परिचित झाले. 1939 साली कोलकात्यात सचिनदेव बर्मन यांच्या मुलाचे नाव राहुलदेव ठेवले गेले. म्हणजे आपल्या धर्मांतराच्या आधीच हे नाव सुशिक्षितांच्या घरी पोचू लागले होते. पुढे सत्तरच्या दशकात ते सर्वत्र झाले. राहुल द्रविड यांचा जन्म 1973चा. मग चित्रपटांनी तर त्याचा कळस केला : ‘आशिकी’ (1990), ‘डर’ (1993), ‘दिल तो पागल है’ (1997), ‘कुछ कुछ होता है’ (1998) या सर्वांत नायक किंवा खलनायक राहुलच. शाहरुख खान यांच्या तोंडून हे नाव इतके ऐकू आले, की आमच्या वसतिगृहातील मुलेही आपले नाव बुद्धाच्या मुलाचे आहे यापेक्षा ते पडद्यावरच्या नायकाचे आहे यावर अधिक खूश असत. आम्ही त्यावर फार रागावलो नाही. एका अर्थाने तो आपलाच विजय होता. ज्या नावाने आपण स्वतःला नव्याने ओळखू लागलो, तेच नाव देशातल्या सर्व थरांतील आईबापांना आपल्या मुलासाठी हवेसे वाटले.

जे नाव फार होते, त्याचा पुढच्या पिढीला कंटाळा येतो. राहुल आज काकांचे आणि मामांचे नाव झाले आहे. नव्या मुलांची नावे आरव, विहान, विवान अशी असतात. आपल्यातही ती आहेत, आणि सोबत सम्यक, संबोधी, मैत्रेय अशी नवी धम्मनावेही आहेत. ही आवडनिवड आहे, तिच्यावर टीका करण्याचे कारण नाही. (आरव या संस्कृत शब्दाचा अर्थ आवाज, गलका असा आहे. लहान मुलाला ते नाव शोभते खरे.)

आमचा आक्षेप दोन प्रवृत्तींना आहे. एक म्हणजे राशीवरून आद्याक्षर काढण्याची. ज्या घरातून भटजी गेला, त्या घरात तो मोबाईलच्या वाटेने परत आला आहे. बाळ जन्मताच वेळ टाकली की अक्षर मिळते आणि त्या अक्षराचेच नाव हवे म्हणून घरात वाद होतात. राहुल या नावात राहू आहे म्हणून ते नको, असे म्हणणारेही याच वाटेचे. ज्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यांच्या नातवंडांची नावे ग्रहांनी ठरवावीत, हे आम्हांला मान्य होण्यासारखे नाही.

दुसरी प्रवृत्ती अधिक नाजूक आहे. नाव असे असावे की त्यावरून काही कळू नये, असे काही पालक म्हणतात. त्यांना आम्ही दोष देत नाही. खोली मिळाली नाही, मुलाखतीत चेहरा बदलला, वर्गातल्या मुलांनी चौदा एप्रिलवरून टोमणा मारला, हे ज्यांनी सोसले त्यांना मुलासाठी आडोसा हवासा वाटणे स्वाभाविक आहे. पण हा आडोसा मिळतो का, हे राहुलच्याच उदाहरणाने तपासता येईल. राहुल हे देशातले बहुधा सर्वांत ‘न कळणारे’ नाव झाले होते. कोणत्याही जातीचा, कोणत्याही प्रांताचा तरुण राहुल असू शकत होता. तरीही आमचे राहुल सुटले नाहीत. राहुल म्हटल्यावर घरमालकाचा पुढचा प्रश्न असे, पूर्ण नाव काय? आडनाव सांगितले की मग गाव कोणते? गावही समजले नाही तर जेवणात काय चालते? विचारणाऱ्याला विचारायचेच असेल, तर नाव कोणतेही ठेवा, तो दुसरीकडून येतो. काहींनी राजपत्रात जाहिरात देऊन आडनावेही बदलली, गावावरून ‘कर’ लावले. त्यांचा तो कायदेशीर हक्क आहे आणि काहींना त्याचा उपयोगही झाला असेल. तथापि ज्याला लपायचे आहे त्याला रोज लपावे लागते, आणि मुलालाही ते शिकवावे लागते. अंबलट्ठिकेतील ते पालथे भांडे आम्हांला अशा वेळी आठवते.

म्हणून प्रवेशाच्या वेळी जे पालक आमचा सल्ला विचारतात, त्यांना आम्ही एवढेच सांगतो : नाव आवडीने ठेवा, भीतीने ठेवू नका. सम्यक ठेवा, आरव ठेवा, आजोबांच्या आठवणीसाठी दगडू ठेवलेत तरी आमचा आक्षेप नाही. मात्र जे ठेवाल त्याची गोष्ट मुलाला सांगता आली पाहिजे. राहुल नावाच्या कित्येक विद्यार्थ्यांना त्यांच्या नावाची गोष्ट घरी कोणी सांगितलेली नव्हती. ती त्यांना आमच्या सायंवंदनेनंतरच्या तासाला प्रथम ऐकायला मिळाली. शौचकूपातली रात्र सांगितली की वर्ग नेहमी गप्प होतो. आणि मग मागच्या रांगेतून कोणीतरी विचारतोच, ‘सर, मग त्याला जागा मिळाली का?’

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. जनरल रजिस्टरमध्ये वडिलांचे नाव एकदाच, शाई असेल तशा अक्षरात लिहिलेले असते आणि आईचे नाव तर जुन्या पानांवर बहुतेक ठिकाणी नाहीच. आपल्या आजी-आजोबांची खरी नावे, ती कशी उच्चारली जात, धर्मांतरानंतर त्यांतील कोणी स्वतःचे नाव बदलले का, आपले नाव कोणी ठेवले आणि कशावरून, हे एका पानावर लिहून शाळेच्या ग्रंथालयाकडे पाठवावे. राहुल नाव असलेल्यांनी तर अवश्य पाठवावे. त्यांच्यासाठी वेगळी वही केली आहे. तिच्या पहिल्या पानावर सध्या फक्त बैराटच्या शिलालेखातील लाघुल हा शब्द लिहिलेला आहे.